शटरं बदलायची की अख्खं किचन? गोव्यातल्या दमट घरांसाठी

फोंड्यात आम्ही रिसेलचा फ्लॅट घेतला तेव्हा स्वयंपाकघरातली कपाटं बारा वर्षांची होती. लॅमिनेटचा रंग उडालेला, हँडलं सैल, दोन शटरं तर बंद करताना एकमेकांवर आपटायची. पण मांडणी सोयीची होती. म्हणून ठरवलं की आतले खोके राहू देत, बाहेरून फक्त नवी शटरं लावून घेऊ. आठ दिवसांत काम झालं. चवथीला आलेली माणसं "किचन नवीन केलंत?" म्हणाली की मी नुसती हसायचे.

दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी सिंकखालचं शटर उघडलं. तळाची फळी मधोमध खाली बसली होती. तेलाचा पाच लिटरचा डबा तिरका होऊन पाइपाला टेकला होता. बोटाने फळीची कड दाबली तर चहात बुडवलेल्या टोस्टासारखी हातात आली. बाहेरचं शटर मात्र ठणठणीत. मेस्त बोलावला. (बाहेरून आलेल्यांसाठी: गोव्यात सुताराला मेस्त म्हणतात.) त्याने टॉर्च मारून आत पाहिलं आणि म्हणाला, "भायर बरें दिसता. पयलीं भितर पळोवपाक जाय आशिल्लें." (बाहेरून बरं दिसतं. आधी आत बघायला हवं होतं.)

चूक आमचीच होती. आम्ही शटरांकडे बघून निर्णय घेतला होता. प्रश्न शटरांचा कधीच नसतो, तो खोक्यांचा असतो, आणि खोक्यांचा प्रश्न खरं तर पाण्याचा असतो. पहिल्यांदाच हे काम काढणाऱ्यांसाठी पुढचं सगळं त्या क्रमानेच लिहिते आहे.

पायरी १: तक्रार नेमकी काय आहे ते कागदावर लिहा

हे पाच मिनिटांचं काम आहे, पण ते न करता लोक थेट दुकानात जातात आणि कॅटलॉग उघडून बसतात. घरात रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाला विचारा की त्रास कसला होतो. "जुनाट दिसतं", "हँडलं तुटली", "शटर लोंबतं", "लॅमिनेट सुटलंय" अशी उत्तरं आली तर शटरं बदलून भागण्याची शक्यता मोठी. "फ्रिज दारात येतो", "खालच्या कपाटातलं भांडं काढायला गुडघ्यावर बसावं लागतं", "मिक्सरला जागाच नाही", "ओटा माझ्या उंचीला बुटका आहे" अशी असली तर नवी शटरं लावून काही साधणार नाही. तीच अडचण नव्या रंगात समोर येईल.

एक मधला प्रकार आहे. खाली वाकून आत हात घालण्याचा त्रास असेल तर शटर काढून तिथे ओढायच्या ट्रॉल्या किंवा ड्रॉवर बसवता येतात, खोका तोच ठेवून. त्याबद्दल पुढे सांगते.

पायरी २: आपलं किचन कुठल्या जातीचं ते ओळखा

परदेशी व्हिडिओ बघून निर्णय घेणाऱ्यांची इथेच फसगत होते. त्यांच्याकडे बहुतेक कपाटं लाकडी खोक्यांची असतात. आपल्याकडे तसं नाही.

जुन्या घरांत आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या फ्लॅटांत ओट्याखाली कडप्प्याचे उभे-आडवे खण असतात आणि त्यांवर लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीत दारं बसवलेली असतात. तुमचं तसं असेल तर नशीबवान आहात. कडप्पा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. तुमचा खोका दगडाचा आहे, तो बदलायचा विचारही करू नका. दारं, चौकट आणि आतल्या ट्रॉल्या एवढंच काम.

दुसरा प्रकार मेस्ताने जागेवर प्लायवुड कापून केलेल्या खोक्यांचा. प्लाय चांगला असेल आणि पाण्यापासून वाचला असेल तर हे खोके वीस वर्षंही टिकतात.

तिसरा कारखान्यातून आलेलं मॉड्युलर किचन. त्यात खोके पार्टिकल बोर्डाचे, एमडीएफचे किंवा प्लायचे असू शकतात. बिजागरीजवळच्या किंवा पाइपासाठी कापलेल्या भोकाच्या कडेला बघा. थर दिसले तर प्लाय, दाबलेल्या भुशाचे खडबडीत कण दिसले तर पार्टिकल बोर्ड, आणि पुठ्ठ्यासारखं एकसारखं तपकिरी दिसलं तर एमडीएफ. पार्टिकल बोर्ड एकदा पाण्याने फुगला की वाळल्यावर मूळ जाडीला परत येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, निर्णयाच्या वेळी कामाला येईल.

आणि चौथा, आता कमी होत चाललेला प्रकार म्हणजे जुन्या घरांतली सागवानी किंवा फणसाच्या लाकडाची दारं. माझ्या सासरच्या डिचोलीकडच्या घरात अशी आहेत. धुराने काळी पडलेली, तेलाचा थर साचलेला. एका नातेवाइकाने "हे काढून टाका, सनमायका लावा" असा सल्ला दिला होता. सासूबाईंनी ऐकलं नाही, आणि बरं झालं. घासून, पॉलिश करून, बिजागऱ्या बदलून ती दारं पुन्हा लावली आहेत. आज तसं जुनं, पक्कं वाळलेलं लाकूड विकत घ्यायला गेलात तर किंमत ऐकून परत याल.

पायरी ३: सगळं रिकामं करा आणि आत शिरा

एक रविवार द्या. बरण्या, डबे, पुरुमेंताची (पावसाळ्यासाठी भरून ठेवलेल्या सामानाची) पोती, सगळं हॉलमध्ये काढा. लागणारं सामान: टॉर्च, जाड स्क्रू ड्रायव्हर, मेजर टेप, पेन्सिल. आता एकेक खोका घ्या. पहिला सिंकखालचा.

स्क्रू ड्रायव्हरचं टोक तळाच्या फळीत, मागच्या कोपऱ्यात आणि बाजूच्या फळीच्या खालच्या चार इंचांत दाबून बघा. चांगला प्लाय टोकाला दाद देत नाही. टोक लोण्यात जावं तसं आत गेलं तर ती फळी संपली. मग बाजूच्या फळीची जाडी वर मोजा आणि अगदी तळाशी मोजा. वर १८ मिलिमीटर आणि खाली २१-२२ असेल तर बोर्ड पाणी प्यायला आहे. डोळ्याला ते दिसत नाही, टेपला दिसतं.

तळाची फळी जमिनीला टेकली आहे का, तेही पाहा. आपल्याकडे फरशी पाणी ओतून धुण्याची सवय असते. खोका चार इंची पीव्हीसी पायांवर उभा असेल तर पाणी खालून वाहून जातं. थेट फरशीवर किंवा लाकडी पाटावर बसवला असेल तर प्रत्येक धुण्याला तो थोडं थोडं पीत असतो.

नंतर वाळवी. भिंतीच्या कोपऱ्यातून, पाइपाच्या भोकातून किंवा स्कर्टिंगमागून वर चढलेल्या मातीच्या बारीक नळ्या दिसतात का ते बघा. नळी मोडा आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा. जोडलेली असली तर वाळवी जिवंत आहे. नळी नाही पण फळीखाली पिठासारखा बारीक भुसा पडतो आणि लाकडाला टाचणीएवढी भोकं आहेत, असं असेल तर तो लाकूड पोखरणारा किडा. दोघांचा उपचार वेगळा. किड्याला ते लाकूडच काढावं लागतं किंवा भोकांतून औषध सोडावं लागतं. वाळवीचं घर मात्र बहुधा जमिनीत असतं, त्यामुळे अख्खी कपाटं नवी केलीत तरी ती त्याच वाटेने परत येते. आधी भिंत आणि फरशी यांच्या सांध्यात साधारण फुटाफुटावर भोकं पाडून औषध सोडून घ्या, मगच मेस्ताला आत येऊ द्या.

बिजागऱ्या बघताना शटर अर्धं उघडून हाताने किंचित वर उचला. हललं तर स्क्रूने पकड सोडली आहे. प्लाय असेल तर बिजागरी दोन इंच वर किंवा खाली सरकवून पुन्हा बसते. पार्टिकल बोर्डाचा असा फाटलेला भाग मात्र फार दिवस साथ देत नाही.

शेवटी काटकोन. खोक्याच्या तोंडाचे दोन्ही कर्ण मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक आजकालच्या बिजागऱ्यांच्या स्क्रूंवर सांभाळून घेता येतो. फरक सेंटिमीटरच्या घरात असेल तर खोका एका अंगाला खचला आहे, आणि त्यावर कितीही महाग शटर लावलं तरी फट वाकडीच दिसणार.

प्रत्येक खोक्यावर आतून पेन्सिलीने बरोबर किंवा फुली करा. सगळं परत लावण्याआधी फोटो काढून ठेवा, मेस्ताशी बोलताना उपयोगी पडतात.

एक इशारा. ही तपासणी जुलैत करत असाल तर "शटर घासतं" एवढ्यावरून घाबरू नका. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्या हवेत लाकूड फुगतं आणि जानेवारीत पुन्हा आकसतं. आमच्या बाल्कनीचं दार दरवर्षी आषाढात अडतं आणि मार्गशीर्षात आपोआप मोकळं होतं. वर्षभर घासणारं शटर हा दोष, पावसाळ्यात घासणारं शटर ही हवा.

पायरी ४: पाणी कुठून येतं ते शोधा

ज्या खोक्यावर फुली पडली त्याला ओल कुठून मिळाली हे कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. आमच्या बाबतीत दोन वाटा निघाल्या. सिंकच्या जाळीखालची रबरी वायसर कडक होऊन चिरली होती. आणि ग्रॅनाइट व भिंतीच्या टाइल्समधल्या सांध्यात सिलिकॉनच नव्हतं, नुसतं पांढरं सिमेंट, तेही केसाएवढं फाटलेलं. भांडी घासताना मागे उडालेलं पाणी तिथून थेट खोक्याच्या पाठीवर उतरायचं. दोन्ही दुरुस्त्या मिळून अर्ध्या दिवसाचं काम होतं. ते आधी केलं असतं तर खोका वाचला असता.

चाचणी सोपी आहे. सिंकखाली कोरडं वर्तमानपत्र पसरा. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा, कागद बघा. मग ओट्यावर भिंतीकडेला तांब्याभर पाणी ओतून दहा मिनिटं थांबा, पुन्हा बघा. कागद कुठे भिजतो त्यावरून वाट कळते. दोन्ही वेळा कागद कोरडा राहिला आणि तरीही भिंत ओली असेल तर बाहेरून पाऊस झिरपतोय किंवा भिंतीतला पाइप गळतोय. ते काम प्लंबरचं किंवा गवंड्याचं, मेस्ताचं नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. ती बरणी ज्या फळीवर असते तिथल्या बिजागऱ्या आणि चॅनल (ड्रॉवर-ट्रॉली सरकायच्या पट्ट्या) सगळ्यांत आधी गंजतात. तिथली फळी खराब दिसली म्हणून अख्खं किचन खराब समजू नका. बरणीखाली काचेची बशी ठेवा.

पायरी ५: ओट्याचा दगड कशावर टेकला आहे

निर्णयाचं पारडं बहुतेक वेळा इथे फिरतं, आणि दुकानदार हे स्वतःहून सांगत नाही. खोक्यात डोकं घालून वर बघा. ग्रॅनाइट कडप्प्याच्या उभ्या पाट्यांवर किंवा विटांच्या भिंतींवर टेकला आहे, की थेट लाकडी खोक्यांवर?

दगडी आधार असेल तर खालचे खोके ड्रॉवरसारखे बाहेर काढता येतात, ओटा जागचा हलत नाही. मग पूर्ण बदल करणंही तितकंसं अवघड नाही. पण दगड थेट खोक्यांवर असेल तर खोके काढण्यासाठी आधी दगड उचलावा लागतो. सिंकचं आणि शेगडीचं भोक कापलेल्या जागी पुढे-मागे जेमतेम तीन-चार इंचांची पट्टी उरलेली असते. दगड उचलताना नेमकी तिथेच तडकते. शिवाय तो सोडवताना भिंतीच्या टाइल्सची खालची ओळ फुटते, आणि दहा वर्षांपूर्वीची टाइल आता बाजारात मिळत नाही. म्हणजे कपाटं बदलायला गेलात आणि ओटा, सिंक, टाइल्स, प्लंबिंग सगळंच नवं करून बसलात. कपाटांचा खर्च त्यातला एक भाग फक्त.

म्हणून ओट्याचा दगड चांगला असेल आणि लाकडावर टेकलेला असेल तर मी शेवटपर्यंत खोके वाचवण्याच्या बाजूने आहे.

पायरी ६: निर्णय

आता पेन्सिलीच्या खुणा मोजा.

एकही फुली नाही, मांडणीची तक्रार नाही: शटरं बदला आणि पुढचं वाचा.

आठांपैकी एक-दोन खोक्यांवर फुली, आणि त्यातला एक सिंकखालचा: हेच बहुतेक घरांत निघतं. तेवढेच खोके नवे करा, बाकीच्यांना नवी शटरं. लोकांना वाटतं की दोनच पर्याय आहेत, पण हा तिसरा सगळ्यांत शहाणपणाचा आहे. सिंकखालच्या खोक्यात मी आता लाकूड घालतच नाही. कडप्प्याचा तळ, बाजूंना डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेला) बोर्ड आणि पुढे इतरांसारखंच शटर. समोरून फरक कळत नाही. दगड वर तसाच ठेवून, दोन जॅक लावून, खराब फळ्या कापून काढून हे करणारे मेस्त आहेत. त्यांना शोधा.

निम्म्याहून जास्त फुल्या, किंवा पार्टिकल बोर्डाचे खोके तळाशी सगळीकडे फुगलेले, किंवा मांडणीच चुकलेली: नवं करा. अशा खोक्यांवर शटरं लावणं म्हणजे पडक्या घराला रंग काढणं.

ओव्हरहेड कपाटांचा हिशेब वेगळा ठेवा. ती पाण्यापासून लांब असल्याने बहुधा चांगली असतात, त्यांचा जीव शेगडीच्या वाफेने आणि धुराने जातो. खालची नवी आणि वरची फक्त शटर बदललेली, असं खुशाल करा. शटरं एकाच शीटमधली असली की जुनं-नवं ओळखू येत नाही.

भाड्याच्या घरात असाल तर यातलं काहीच नको. सैल बिजागऱ्या घट्ट करा, सांध्यात सिलिकॉन भरा, घरमालकाला फोटो पाठवा.

पायरी ७: शटरं बदलताना

स्वस्त वाट म्हणजे जुन्याच शटरांवर नवं लॅमिनेट चिकटवणं. जुनं लॅमिनेट घट्ट असेल, पॉलिश पेपरने नीट घासून घेतलं असेल तर चालतं. कुठेही फुगा असेल तर तो नव्यावर उमटतोच. मी सहसा शटर नवं करा असंच सांगते, कारण कडा, बिजागऱ्यांची भोकं आणि लॉक यांची झीज लॅमिनेटने भरून येत नाही.

शटरासाठी आपल्या हवेत १८-१९ मिलिमीटरचा मरीन प्लाय, त्यावर लॅमिनेट. प्लायवर आयएसआयची खूण आणि आयएस ७१० हा आकडा छापलेला हवा. आयएस ३०३ खालचा साधा एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) प्लाय हॉलमधल्या कपाटाला ठीक, सिंकजवळ नाही. खूण खरी की खोटी हे भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर परवाना क्रमांक टाकून बघता येतं. दुकानात उभ्या उभ्या बघा, लाजू नका. घरी आल्यावर उरलेला तुकडा पातेल्यात टाकून दिवसभर उकळा. मरीन प्लायचे थर सुटायला नकोत, प्रमाण चाचणीत तर तो ७२ तास उकळतात.

लॅमिनेट दोन्ही बाजूंना हवं, आतल्या बाजूलाही. पैसे वाचवायला आत नुसतं प्रायमर मारून देणारे भेटतील. बाहेरची बाजू बंद आणि आतली उघडी राहिली की दमट हवा एकाच अंगाने आत शिरते आणि शटर पापडासारखं वळतं. बाहेर १ मिलिमीटर, आत ०.८ चं चालेल. चारही कडांना एज बँड (कडेवर चिकटवायची पट्टी), खालची कडसुद्धा. ती कोणाला दिसत नाही म्हणून तीच सुटते, आणि पोछ्याचं पाणी तिथूनच चढतं. हात फिरवून बघा.

पीव्हीसी फॉइल चढवलेली एमडीएफची मेम्ब्रेन शटरं दिसायला देखणी, पण शेगडीच्या दोन्ही बाजूंना फॉइल उष्णतेने सुटतं आणि सिंककडे आतला एमडीएफ फुगतो. त्याऐवजी ॲल्युमिनियमची चौकट आणि काच घ्या. समुद्रकिनाऱ्याजवळच्या घरांत ती चांगली टिकतात.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी लोखंडी सामानाकडे जास्त लक्ष द्यावं. मिरामार, कोलवा, कळंगुट इकडच्या खाऱ्या हवेत स्वस्त बिजागरीवर दोन वर्षांत तांबूस ठिपके येतात. स्टेनलेस ३०४ मागा. दुकानदार खिशातून लोहचुंबक काढून "बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४" म्हणेल. ही चाचणी खोटी आहे. स्वस्तातलं २०२ सुद्धा चुंबकाला चिकटत नाही. ते गंजतं मात्र लवकर. बिलावर ग्रेड लिहून घ्या, हाच उपाय.

बिजागरी मागताना शटर खोक्याच्या कडेवर पूर्ण चढतं, अर्धं चढतं की आत बसतं, हे आधी बघा: फुल ओव्हरले, हाफ ओव्हरले, इनसेट. मधल्या एका पाटीवर दोन शटरं दोन्हीकडून येत असतील तर हाफ लागते. इथे चूक झाली की शटरं एकमेकांना धक्के देतात. आमची पहिली आपटणारी शटरं त्यामुळेच होती. तीन फुटांपर्यंतच्या शटराला दोन बिजागऱ्या पुरतात, त्याहून उंच असेल तर तीन. दोन शटरांमध्ये ३ मिलिमीटर फट सोडायला सांगा. मेस्त मे महिन्यात, पावसाआधी, एक मिलिमीटरची देखणी फट सोडतो आणि जूनमध्ये तुम्ही लाथ मारून दार बंद करता.

कडप्प्याच्या खणात ट्रॉली बसवताना खणाची रुंदी पुढे, मधे आणि मागे अशी तीनदा मोजा. कडप्पा कधीच सरळ उभा नसतो. सगळ्यांत कमी भरलेल्या मापाची ट्रॉली घ्या, आणि चॅनल थेट दगडावर न बसवता आधी लाकडी पट्टी बसवून तिच्यावर बसवा.

सिलिंडर खोक्यात ठेवत असाल तर त्या शटराला खालच्या बाजूला झरोके हवेतच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर तळाशी साचतो. नुसती वरची जाळी पुरत नाही. नळी फळीच्या आडून लपवत नेऊ नका, दिसत राहिली पाहिजे, आणि पाच वर्षांनी बदला.

पायरी ८: नवंच करायचं ठरलं तर

इथे मी थोडक्यात आवरते, कारण नव्या किचनची माहिती द्यायला दुकानदार टपलेलेच असतात. तीनच गोष्टी.

खोके जमिनीपासून चार इंच वर, पायांवर. पुढची स्कर्टिंग ओढून काढता येईल अशी, म्हणजे झुरळं आणि ओल दोन्हींवर नजर राहते.

जुन्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घरात ओव्हरहेड कपाटं टांगण्याआधी भिंतीत एक भोक पाडून बघा. मातीच्या दर्जेत बांधलेल्या चिऱ्यात साधा प्लास्टिकचा प्लग धरत नाही, लाल भुकटी पडते आणि स्क्रू हाताने बाहेर येतो. तिथे केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का बसवलेला बोल्ट) वापरा, किंवा भिंतीभर आडवी जाड पट्टी बऱ्याच ठिकाणी अडकवून तिच्यावर भार द्या, किंवा सरळ जमिनीवर उभं राहणारं उंच कपाट करा.

आणि फळ्यांची लांबी. उकड्या तांदळाची पिशवी, सुकी मासळी, नारळ, चिंच-आमसुलांच्या बरण्या असं चार महिन्यांचं पुरुमेंत ज्या फळीवर बसतं ती अडीच फुटांपेक्षा लांब ठेवायची असेल तर मधे आधार द्या. शोरूममधल्या फळीवर दोन वाइनचे ग्लास ठेवलेले असतात, त्यावरून अंदाज बांधू नका.

पायरी ९: कोटेशन

कोणी रनिंग फुटाने (नुसत्या लांबीवर) सांगतो, कोणी चौरस फुटाने. दोन्ही एका मापात आणल्याशिवाय तुलना करू नका. शटरांचा हिशेब घरी बसून होतो. समजा खालची कपाटं १० फूट लांब, शटराची उंची सव्वादोन फूट: साडेबावीस चौरस फूट. वरची ८ फूट, उंची अडीच: वीस. मिळून साडेबेचाळीस. प्लायची किंवा लॅमिनेटची शीट ८ बाय ४ ची, म्हणजे ३२ चौरस फूट. तेव्हा प्लायच्या दोन, बाहेरच्या लॅमिनेटच्या दोन, आतल्याच्या दोन शीट्स, वर थोडी कापाकापी. कोणी चार-चार शीट्स लिहिल्या तर का ते विचारा. लाकडाच्या उभ्या रेषांचं डिझाइन असेल तर एखादी जास्त लागते, हे कारण खरं. बाकीची ऐकून घ्या.

कागदावर हे लिहिलेलं हवं: प्लायचा ग्रेड आणि कंपनी, लॅमिनेटची जाडी आणि कोड, आतलं लॅमिनेट, बिजागऱ्यांची संख्या आणि ग्रेड, दर्शनी बाजूच्या पाट्या आणि स्कर्टिंग धरली आहे की नाही, जुनं सामान कोण नेणार, आणि जीएसटी धरून की सोडून. बाजूच्या पाट्या सगळे विसरतात. नव्या शटरांशेजारी फ्रिजकडची जुनी पिवळी बाजू तशीच राहते आणि सगळी मजा जाते.

जुनं सामान हा गोव्यात वेगळाच ताप आहे. दारोदार येणारी कचऱ्याची गाडी फुटक्या टाइल्स आणि प्लायची खोकी घेत नाही. पंचायतीत किंवा पालिकेत आधी विचारा. माळावर टाकू नका आणि प्लाय-लॅमिनेट जाळू तर अजिबात नका, त्यातल्या गोंदाचा धूर घशाला धरतो. चांगले उरलेले खोके कोणीतरी गोठ्यात किंवा गॅरेजमध्ये ठेवायला आनंदाने नेतो.

कधी करावं

दिवाळीनंतर सुरू करा, होळीच्या आत संपवा. गोव्यात पाऊस साधारण ५ जूनच्या सुमारास येतो. त्यानंतर लॅमिनेटचा गोंद नीट वाळत नाही, फुगे येतात, आणि पावसात टेम्पोतून आलेली शीट आधीच ओल प्यालेली असते. "चवथीच्या आत करून द्या" म्हणणारे आपण सगळेच, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये मेस्त मिळत नाही आणि मिळाला तर घाईत असतो. अगदीच अडलं तर शीट्स घरात आणून, फरशीपासून उचलून, सपाट ठेवा आणि चार-पाच दिवस तशाच राहू द्या, मग कापायला घ्या.

फ्लॅट असेल तर सोसायटीला आधी कळवा. कटरचा आवाज दुपारच्या झोपेच्या वेळी झाला की गोव्यात शेजार तुटतो. हे मी विनोदाने म्हणत नाही.

काम झाल्यावर शेवटचा हप्ता देण्याआधी प्रत्येक शटर वीसदा उघडा-मिटा, सिंकची कागदाची चाचणी पुन्हा करा, एज बँडवरून नख फिरवा. जमलं तर थोडी रक्कम पहिला पाऊस पडेपर्यंत मागे ठेवायचं आधीच ठरवा. चांगल्या मेस्ताला याचं वाईट वाटत नाही. आमचा तर जुलैत स्वतःच आला, तीन बिजागऱ्यांचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवले, चहा घेतला आणि गेला.

लॅमिनेटचा उरलेला हातभर तुकडा फेकू नका. त्याच्या पाठीवर कोड, दुकान आणि महिना मार्करने लिहून माळ्यावर ठेवा. आमचा तुकडा दीड वर्षाने उपयोगी पडला, भाच्याने सायकल घरात चालवली तेव्हा.